एचडीएमआय केबल: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत (कोकणातल्या घरासाठी)

टीव्हीची एचडीएमआय केबल (बॉक्समधून टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेणारी) घेताना कोकणात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. गणपतीला गावी येताना कुणीतरी मुंबईहून दीड मीटरची, सोनेरी टोकांची, वेणीदार केबल तीन-चार हजारांना घेऊन येतं आणि सेट टॉप बॉक्सचं चित्र होतं तसंच राहतं. दुसरी चूक याहून महागात पडते. पडवीत प्रोजेक्टर लावायचा म्हणून पंधरा मीटरची स्वस्त केबल मागवतात, ती माळ्यावरून आणि चिऱ्याच्या भिंतीतून ओढतात, वरून गिलावाही करतात, आणि मग पडदा दर दोन मिनिटांनी काळा होतो. आता केबलही बदलायची आणि भिंतही फोडायची.

थोडक्यात उत्तर असं: तीन मीटरच्या आत महागड्या केबलने चित्र सुधारत नाही. पाच मीटरच्या पुढे, तेही ४के हवं असेल, तर केबलवर पैसे घालावेच लागतात. आणि घर समुद्राच्या जवळ असेल तर केबल किती दिवस टिकणार हे किमतीवर कमी आणि ती कशी ओढली, तिची टोकं कशी जपली यावर जास्त ठरतं.

कारण साधं आहे. एचडीएमआयमधून शून्य आणि एक असे आकडे जातात. ते नीट पोचले की चित्र पूर्ण येतं. केबल कमी पडली तर आधी अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपके चमकतात, मग चित्र दोन-तीन सेकंद जातं-येतं, आणि शेवटी ‘नो सिग्नल’. रंग फिके होणं, चेहरे धूसर दिसणं, आवाज ‘पातळ’ वाटणं ही केबलची लक्षणं नव्हेत. ती टीव्हीच्या सेटिंगची, वाहिनीची किंवा इंटरनेटच्या वेगाची लक्षणं आहेत. रंग खुलवणारी केबल कुणी विकत असेल तर घेऊ नका.

पायरी १: कोणतं यंत्र किती सिग्नल सोडतं ते लिहून काढा

दुकानात जाण्याआधी कागद घ्या. टीव्हीला काय काय जोडणार आहात आणि त्यातून कोणतं चित्र निघतं ते लिहा.

डीटीएचचा एचडी बॉक्स बहुतेक वेळा १०८०आय (फुल एचडीचा एक प्रकार) चित्र देतो. त्याला सेकंदाला जेमतेम २.२ गिगाबिट (म्हणजे २.२ अब्ज शून्य-एक आकडे) लागतात. साध्यातली साधी ‘हाय स्पीड’ प्रकारची केबल १०.२ गिगाबिट वाहून नेते. म्हणजे बॉक्ससोबत आलेली केबल चालते आहे तोवर तिला हात लावायची गरज नाही. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या मुख्यतः एसडी (एचडीहून कमी स्पष्ट) आहेत, तिथेही केबल बदलून काही मिळणार नाही. बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही वायरने जोडलेला असेल आणि त्याला एचडीएमआयचं तोंड (पोर्ट) असेल, तर मात्र एचडीएमआयवर जा. तो फरक डोळ्यांना दिसतो.

४के स्टिक (टीव्हीला लावायचं फायर टीव्हीसारखं छोटं यंत्र) किंवा ४के बॉक्सचं गणित थोडं वेगळं आहे. सेकंदाला ६० फ्रेमचं ४के चित्र १७.८ गिगाबिटपर्यंत जातं, त्यासाठी १८ गिगाबिटची केबल लागते. सिनेमा मात्र २४ फ्रेमचा असतो. यंत्राने तो २४ लाच पाठवला तर ८.९ गिगाबिटच लागतात आणि जुनी हाय स्पीड केबलही चालून जाते. बरीच यंत्रं मूळ सेटिंगमध्ये सगळंच ६० ला पाठवतात. काही मात्र मेनू ६० ला आणि सिनेमा २४ ला पाठवतात, म्हणून ‘मेनूत ठिपके, सिनेमात ठिपके नाहीत’ असे विचित्र प्रकार दिसतात.

गेमिंगसाठी ४के १२० फ्रेम हवे असतील तर मागणी ४० गिगाबिटच्या आसपास जाते. तिथे ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल लागते. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात ती सोबत येते. ती बाजूला ठेवून दुसरी महाग केबल घेण्यात अर्थ नाही.

साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या ज्या तोंडावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारकडे पाठवणारी सोय, दुसरी अधिक नवी) लिहिलंय त्यालाच जोडायचा. एआरसी साध्या केबलवरही बहुधा चालतं. ईएआरसीसाठी केबलच्या नावात ‘विथ इथरनेट’ असायला हवं, किंवा ती अल्ट्रा हाय स्पीड असावी.

तपासा: तुमचा टीव्ही फुल एचडी आहे का? असेल तर ४के, ८के, ४८ गिगाबिट हे सगळं विसरा. पायरी २ प्रमाणे अंतर मोजा, साधी हाय स्पीड केबल घ्या आणि थेट पायरी ५ वर जा.

पायरी २: अंतर सुतळीने मोजा, डोळ्यांनी नको

टेपने सरळ रेषेत मोजलेलं अंतर कामाचं नसतं. केबल ज्या वाटेने जाणार आहे त्या वाटेने सुतळी किंवा सुंभ धरा: टीव्हीच्या मागून खाली, कपाटामागून, दाराच्या चौकटीवरून, वाशाला धरून पडवीपर्यंत. मग ती सुतळी मोजा. दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर जास्त धरा, म्हणजे टीव्ही पुढे ओढून मागचं काम करता येतं. आलेल्या आकड्यापुढचं बाजारात मिळणारं माप घ्या. ४.२ मीटर भरलं तर ५ मीटरची केबल. १० मीटरची घेऊन उरलेल्याचं वेटोळं टीव्हीमागे कोंबू नका, तेवढा सिग्नल उगाच खर्ची पडतो.

आता निर्णय.

३ मीटरपर्यंत प्रमाणित केबलमधली (ती कशी ओळखायची ते पायरी ३ मध्ये) सर्वात स्वस्त घ्या. इथे ‘खास’ केबलला जास्त पैसे मोजणं म्हणजे पाण्यात घालणं.

३ ते ५ मीटरला ४के ६० फ्रेमसाठी प्रमाणित ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या. इथे नाव न छापलेली केबल घेणं धोक्याचं आहे.

५ मीटरच्या पुढे, फुल एचडी हवं असेल तर चांगली जाड तांब्याची केबल १० मीटरपर्यंत बहुधा पोचते. ४के ६० हवं असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल’ केबल घ्या. तिच्यात चित्र काचेच्या तंतूंतून प्रकाशाने जातं आणि दोन्ही टोकांत छोटं इलेक्ट्रॉनिक्स असतं. ती महाग असते. संपूर्ण यादीत जास्त पैसे देण्याजोगी खरी जागा हीच.

दोन छोट्या केबल जोडतुकड्याने जोडून लांबी वाढवू नका. प्रत्येक सांधा सिग्नल खातो, आणि खाऱ्या हवेत गंज पहिल्यांदा सांध्यालाच धरतो.

सावधान: घरातून वेगळ्या मांगरात किंवा होमस्टेच्या दुसऱ्या खोलीत, अंगण ओलांडून एचडीएमआय नेऊ नका. वीज पडली की उघड्यावरची तांब्याची तार दोन्ही बाजूंची यंत्रं एकदम घेऊन जाते. ऑप्टिकल केबलमध्येही बहुधा काही तारा तांब्याच्या असतात, त्यामुळे ती सुरक्षित समजू नका. तिथे दुसरी स्टिक लावा आणि वायफाय पोचवा. खर्चही कमी येतो.

पायरी ३: दुकानात खोक्यावर काय वाचायचं

सगळ्यात मोठा गोंधळ ‘प्रीमियम’ या शब्दाचा आहे. ‘प्रीमियम हाय स्पीड’ हे एचडीएमआयच्या अधिकृत प्रकाराचं नाव आहे: १८ गिगाबिट, तपासून प्रमाणपत्र दिलेली. ‘प्रीमियम क्वालिटी’, ‘प्रीमियम गोल्ड’, ‘प्रीमियम सीरिज’ ही नुसती जाहिरात. दोन्ही खोकी दुकानात शेजारी शेजारी लटकतात आणि बऱ्याचदा दुसऱ्याचीच किंमत जास्त असते.

क्रमाने हे पाहा:

१. खोक्यावर प्रमाणपत्राचं लेबल आहे का? त्यावर क्यूआर कोड असतो. एचडीएमआयचं अधिकृत तपासणी अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि कोड दुकानातच स्कॅन करा. अ‍ॅपमध्ये आलेलं कंपनीचं नाव आणि लांबी हातातल्या खोक्याशी जुळली पाहिजे. २ मीटरचं लेबल ५ मीटरच्या खोक्यावर असेल तर ते बनावट.

२. केबलच्या अंगावर प्रकाराचं नाव छापलेलं आहे का? ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबलवर ते असायलाच हवं.

३. खोक्यावर ‘२.०’, ‘२.१’ असे आकडे मोठ्या अक्षरांत आहेत का? हे आकडे यंत्रांच्या तोंडांसाठी आहेत, केबलसाठी नाहीत. केबलला प्रकार असतो, आवृत्ती नसते. नुसत्या आकड्यावर विकली जाणारी, लेबल नसलेली केबल ठेवून द्या.

४. जाडी. तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्याने सांगतात आणि आकडा लहान तितकी तार जाड: ३० बारीक, २८ मध्यम, २४ जाड. पाच मीटरला २८ किंवा त्याहून जाड बरी. दीड मीटरला मात्र ३० चीच घ्या. एचडीएमआयच्या तोंडाला कुलूप नसतं, नुसत्या घर्षणावर टोक धरून राहतं. भिंतीवरच्या टीव्हीला २४ ची जड, ताठ केबल लावली की तिचं वजन तोंडावर लोंबतं, आणि वर्षभरात टीव्हीच्या बोर्डावरचा सांधा सैल होतो. महाग केबल घेऊन टीव्ही खराब करण्याचा हा सरळ मार्ग आहे.

सोन्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘आमच्याकडे खारी हवा, म्हणून सोन्याचा मुलामा हवा’ असं लोक म्हणतात आणि त्यात अर्धं तथ्य आहे. सोनं गंजत नाही हे खरं. पण आतल्या बारीक पट्ट्यांना सोन्याचा पातळ थर बहुतेक बऱ्या केबलला असतोच. जास्तीचे पैसे घेतात ते बाहेरच्या पत्र्याच्या चकाकीचे. तो थर इतका पातळ असतो की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून मीठ आणि दमटपणा खालच्या निकेलपर्यंत आणि तांब्यापर्यंत पोचतो. ‘२४ कॅरेट’ छापलेल्या टोकाखालचं तांबंही हर्णै-मालवणच्या किनाऱ्यावर पितळी भांड्यासारखं कळकतं. टोक कोरडं आणि झाकलेलं ठेवणं हाच उपाय, तो पायरी ७ मध्ये आहे.

वेणीदार आवरणाचं तसंच. दिसायला छान, चित्राशी संबंध नाही, उंदीर तेही कुरतडतो. दमट खोलीत तिच्या विणीत धूळ आणि बुरशी बसते. किनाऱ्यावर गुळगुळीत पीव्हीसी आवरण बरं, ओल्या फडक्याने पुसता येतं.

पायरी ४: भिंतीत घालण्याआधी जमिनीवर चाचणी

ही पायरी लोक गाळतात आणि मग चिरा फोडतात.

नवी केबल खोलीत जमिनीवर मोकळी पसरा, वेटोळं न ठेवता. एका टोकाला यंत्र, दुसऱ्याला टीव्ही किंवा प्रोजेक्टर. मग:

१. टीव्हीत त्या तोंडाचं पूर्ण क्षमतेचं सेटिंग चालू करा. सोनीत त्याला ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात. हे बंद असेल तर टीव्ही कमी सिग्नल मागतो, खराब केबलही पास होते, आणि पुढे कुणीतरी सेटिंग बदललं की घोटाळा सुरू.

२. यंत्रात चित्राचं माप ‘ऑटो’वर न ठेवता स्वतः निवडा: २१६० पी, ६० हर्ट्झ (म्हणजे ४के, ६० फ्रेम).

३. टीव्हीच्या माहिती पट्टीत तोच आकडा दिसतो का पाहा. १०८० दिसलं तर यंत्राने माघार घेतली आहे.

४. अंधाऱ्या दृश्यांचं काहीतरी एक तास चालवा. पाच मिनिटं पुरत नाहीत, कारण ऑप्टिकल केबलची टोकं गरम झाल्यावरच काही दोष उघडे पडतात.

५. त्या तासात दोन्ही टोकांजवळ केबल हळूच हलवा. हलवल्यावर ठिपके आले तर टोकाचा डाख कच्चा आहे. परत करा.

सावधान: ६० हर्ट्झ निवडल्यावर पडदा काळा झाला तर घाबरू नका. फायर टीव्हीच्या रिमोटवर ‘वर’ आणि ‘रिवाइंड’ ही दोन बटणं एकत्र पाच ते दहा सेकंद दाबून धरली की यंत्र एकेक माप बदलत जातं. चित्र दिसलं की तिथे थांबा.

बिल आणि खोकं महिनाभर टाकू नका.

पायरी ५: केबल ओढणं

कोकणातल्या घरात खरं काम इथे आहे. चिऱ्याची भिंत नऊ इंच किंवा त्याहून जाड, वर कौलं, माळ्यावर उंदीर, पावसाळ्यात भिंतीला ओल. केबल उघडी टाकली तर दोन पावसाळे काढणंही कठीण.

पाइप. एचडीएमआयचं टोक प्लास्टिकच्या कवचासह सुमारे २ सेंटिमीटर रुंद असतं. वायरमन सवयीने २५ मिलिमीटरचा पाइप टाकतो. त्यात टोक सरळ जागी कसंबसं जातं आणि वळणावर अडकतं. ३२ मिलिमीटरचा पाइप सांगा, वाट लांब असेल तर ४०. काटकोनी एल्बो वापरू देऊ नका, मोठ्या वळणाचे बेंड लावा. पाइप एकदाच टाकायचा असतो, केबल पुन्हा बदलावी लागणारच. म्हणून केबलसोबत एक नायलॉनची दोरी पाइपमध्ये कायमची ठेवा, पुढची केबल तिच्याच मदतीने ओढता येईल. केबल थेट गिलाव्यात गाडू नका. ओल्या चुना-सिमेंटमध्ये आवरण खराब होतं आणि बदलायची वेळ आली की भिंत फोडण्याशिवाय इलाज उरत नाही.

भिंतीतलं भोक. बाहेरच्या भिंतीतून जायचं असेल तर भोक घरातून बाहेर उतरतं ठेवा, बोटभर उतार पुरतो. उलटा उतार असेल तर जुलैत पाऊस पाइपातून घरात येतो. बाहेरच्या बाजूला केबल भोकात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा. पाणी त्या झोळावरून खाली ठिबकतं, आत जात नाही. चिरा ठिसूळ असतो, ड्रिल हॅमरवर जोरात चालवलं तर पलीकडचा कोपरा सुटून येतो. शेवटचे दोन इंच हॅमर बंद करून, हळू.

ओढताना. टोकावर त्याची टोपी घाला, नसेल तर छोटी प्लास्टिक पिशवी, आणि वरून विद्युत टेप निमुळता गुंडाळा. दोरी टोकाला बांधायची नाही. टोकाच्या मागे २० सेंटिमीटर केबलच्या अंगाला टेपने धरायची, म्हणजे ताण टोकावर येत नाही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने केबल सरळ करत ढकलायची. अडकली तर जोर लावू नका, मागे घ्या, फिरवा, पुन्हा. ऑप्टिकल केबलला एकदा करकचून घडी पडली की आतला तंतू मोडतो, तो दुरुस्त होत नाही.

वळण केबलच्या जाडीच्या आठ-दहा पट मोठं ठेवा. सात मिलिमीटर जाड केबल असेल तर वळणाची त्रिज्या सहा-सात सेंटिमीटर. टीव्ही भिंतीला अगदी चिकटून असेल आणि तोंड मागच्या बाजूला असेल, तर टीव्हीच्या कडेचं तोंड वापरा. काटकोनी जोडतुकडा शेवटचा पर्याय, कारण तोही एक सांधाच.

विजेच्या तारा. एचडीएमआय आणि २३० व्होल्टच्या तारा एकाच पाइपात कधीही नको. समांतर जाताना एक वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

पाइपची तोंडं. दोन्ही तोंडं फोमच्या बोळ्याने बंद करा. उघड्या पाइपात मुंग्या, पाली आणि उंदीर शिरतात, आणि कुंभारमाशी मातीचं घर बांधते. सिमेंट किंवा एम-सीलने बुजवू नका, केबल बदलता येणार नाही.

तपासा: ऑप्टिकल केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. ओढण्याआधी दोन्ही टोकांवर टेप लावून मराठीत लिहा: ‘बॉक्सकडे’, ‘टीव्हीकडे’. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि पूर्ण केबल परत काढावी लागते. तिच्यातून साउंडबारचं ईएआरसी जातं का, हेही घेतानाच विचारा. सगळ्यांत जात नाही.

पायरी ६: जोडणी

टीव्ही, बॉक्स, साउंडबार यांचे सगळे प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. दोन पिनी प्लगच्या यंत्रांच्या पत्र्यावर थोडा गळका दाब असतो, बोट लावल्यावर झिणझिण्या येतात तो हाच. चालू यंत्रांत केबल खुपसताना त्याची ठिणगी एचडीएमआयच्या नाजूक पट्ट्यांतून जाऊ शकते.

आधी सगळ्या एचडीएमआय केबल, मग डिशची गोल वायर, शेवटी प्लग. आधी टीव्ही चालू करा, त्याचं तोंड निवडा, मग बॉक्स.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमकुवत होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट ठीक, पाचच्या पुढे असेल तर अर्थिंगच्या खड्ड्याकडे लक्ष द्या. महाग केबलऐवजी हे पैसे तिथे घातले तर सगळ्या घराचा फायदा.

पायरी ७: खारी हवा, पाऊस आणि वीज

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा कायम ओलसर असते. त्यात किनाऱ्यावर मीठ मिसळतं. केबलची टोकं खराब होण्याचं हे पहिलं कारण.

वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि गणपतीच्या आधी आठ दिवस, टोकं काढून बघा. मोबाइलचा टॉर्च लावून टोकाच्या आत पाहा. आत एकोणीस बारीक सोनेरी पट्ट्या दोन ओळींत दिसतील, एकीत दहा, दुसरीत नऊ. त्या सगळ्या सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादीवर हिरवट ठिपका असेल तर तो तांब्याचा कळक. बाहेरच्या पत्र्यावर पांढरी भुकटी असेल तर गंज सुरू झालेला आहे, आत मात्र अजून वेळ असू शकतो.

साफ करायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर, झटपट सुकणारा. यंत्रांचे प्लग काढलेले, केबल दोन्ही बाजूंनी सुटी. टोकात एक छोटा फवारा, टोक खाली धरून निथळू द्या, पंधरा मिनिटं पंख्याखाली. मग बंद यंत्रात चार-पाच वेळा हळू घालून काढा, घासून पट्ट्या स्वच्छ होतात. एचडीएमआयचं टोक दहा हजार वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे या हाताळणीने ते झिजत नाही. हिरवा ठिपका साफ करूनही महिन्याभरात परत आला तर केबल बदला. दीड मीटरची केबल वाचवायच्या नादात टीव्हीचं तोंड खराब होऊ देऊ नका.

खोबरेल तेल, साधं डब्ल्यूडी-४०, टूथपेस्ट, सँडपेपर यातलं काहीही नको. तेलाने धूळ आणि मीठ चिकटतं. घासल्याने सोन्याचा थर जातो आणि मग गंज झपाट्याने वाढतो.

टीव्हीच्या रिकाम्या तोंडांना रबरी टोप्या घाला. पूर्ण संच अगदी थोड्या पैशांत मिळतो, आणि किनाऱ्यावर यापेक्षा स्वस्त विमा दुसरा नाही. पावसाळ्यात टीव्ही रोज अर्धा तास तरी चालवा, आतली ऊब ओल घालवते.

गणपतीनंतर मेपर्यंत बंद राहणाऱ्या घरात केबल टीव्हीत तशीच सोडू नका. काढा, मोठं वेटोळं करा, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट बंद पिशवीत ठेवा. टीव्हीवर सुती चादर टाका. प्लास्टिक नको, त्याच्या आत घाम धरतो. परत आल्यावर दारं-खिडक्या उघडून दोन तास हवा खेळू द्या, मगच टीव्ही चालू करा.

सावधान, वीज: मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू होण्याआधीच बॉक्स आणि टीव्हीचे प्लग काढा आणि डिशची गोल वायर बॉक्सच्या मागून सोडवा. टीव्हीची एचडीएमआय तोंडं जळण्याची वाट बऱ्याचदा अशी असते: कौलावरची डिश, वायर, बॉक्स, एचडीएमआय केबल, टीव्ही. प्लग काढून डिशची वायर तशीच ठेवली तर अर्धंच काम झालं. डोक्यावर वीज कडाडत असताना मात्र या वायरींना हात लावू नका.

पायरी ८: चित्र जात असेल तर याच क्रमाने

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कळत नाही.

१. सगळं बंद, प्लग काढून दोन मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. एचडीएमआयची यंत्रं सुरुवातीला एकमेकांशी ओळख पटवून घेतात, ती फसली असेल तर एवढ्यानेच सुटतं.

२. यंत्राचं माप १०८० वर आणा. ठिपके गेले तर केबल ४के साठी कमी पडते. लांबी आणि प्रकार पाहा.

३. १०८० वरही चित्र जात असेल तर तेच यंत्र तशाच दुसऱ्या केबलने जोडा. शेजाऱ्याची दीड मीटरची साधी केबलही चालेल.

४. तरीही जात असेल तर टीव्हीचं दुसरं तोंड वापरा.

५. फक्त ४के सिनेमाला ‘एचडीसीपी’ची (सिनेमाची नक्कल रोखणाऱ्या कुलपाची) सूचना येते आणि बाकी सगळं ठीक आहे? मग केबल निर्दोष आहे. मधला जुना साउंडबार किंवा स्प्लिटर एचडीसीपी २.२ मानत नाही. स्टिक थेट टीव्हीला लावा, आवाज एआरसीने साउंडबारकडे न्या.

६. दुसऱ्या केबलने पहिलं तोंड मेलेलं आणि दुसरं चालू, असं निघालं तर मेलेल्या तोंडावर टेप लावून खूण करा आणि चालू तोंडावर काम चालवा. मेकॅनिकला बोलवाल तेव्हा ‘टीव्ही चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणतं तोंड, कोणत्या केबलने, किती मापावर, आणि आदल्या रात्री वीज कडाडली होती का, हे चारही सांगा. बोर्ड बदलायचा की नुसता तोंडाचा डाख करायचा, हे तो त्यावरून ठरवतो.